अडतीस हजार फोटो आणि गळ्यात पट्टी असलेला एक कादंब

प्रश्न विचारणारे गृहस्थ गंगाखेडचे आहेत. गेली नऊ वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतात, बहुतेक येलदरी धरणाच्या आणि नाथसागराच्या काठावर. तीन हार्ड डिस्कवर मिळून ३८ हजार फोटो साठलेत. दुसरा नाद क्रिकेटच्या आकड्यांचा, गणपतीत मंडळाच्या प्रश्नमंजूषेचे प्रश्न तेच काढतात. त्यांची तक्रार अशी : "१९६४ सालचा धावफलक मला दहा सेकंदांत सापडतो, आणि मीच मागच्या हिवाळ्यात काढलेला फोटो दोन तास शोधूनही मिळत नाही. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? की आता हे एआयवरच सोडून देऊ?"

माझी पोटापाण्याची वीस वर्षं शोधयंत्रणा बांधण्यात गेली. ग्रंथालयांच्या याद्या, वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं, असलं काम. आणि हिवाळ्यातले रविवार पैठणच्या बॅकवॉटरवर. त्यामुळे दोन्ही बाजूंनी हात पोळलेला माणूस म्हणून लिहितो.

तुम्ही प्रश्न सॉफ्टवेअरचा म्हणून विचारलात, पण त्याचं अर्धं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. १९६४ चा धावफलक म्हणजे बहुधा बापू नाडकर्णींचा. मद्रासची इंग्लंडविरुद्धची कसोटी, ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी नाही. त्यात लागोपाठ २१ षटकं निर्धाव. हे तुम्हाला दहा सेकंदांत मिळतं त्यात गूगलची हुशारी किती आणि त्या दिवशी मैदानावर बसून चेंडूगणिक टिंब मांडणाऱ्या स्कोअररची किती? माझ्या मते रुपयातले बारा आणे त्या स्कोअररचे. तो चेंडू पडला तेव्हाच त्यानं तो लिहिला. तुमच्या पक्ष्याच्या वेळी काठावर तुम्ही होतात, कॅमेरा होता, स्कोअरर नव्हता.

आता शोधयंत्र आत काय करतं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. आपल्याकडे सातबारा आणि आठ-अ असे दोन उतारे असतात. सातबारा गटाचा, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा असतो : या गटात कोण कोण खातेदार. आठ-अ खातेदाराचा असतो : या माणसाचे गावात कुठले कुठले गट. माहिती तीच, मांडणी उलटी. "अमक्याची जमीन कुठं कुठं आहे?" असं विचारल्यावर सगळे सातबारे चाळत बसायचं नसेल तर आठ-अ तयार हवा. गूगल असो नाहीतर तुमच्या संगणकातला शोधाचा चौकोन, आत आठ-अच असतो. प्रत्येक शब्दासमोर तो कुठल्या कुठल्या पानांत आला त्याची यादी. तुम्ही शब्द टाकता, ते यादी काढतं. दोन शब्द टाकले तर दोन्ही याद्यांत असलेली पानं काढतं. यावर कितीही इमले चढवले तरी पाया हाच.

म्हणजे शब्दच नसेल तर आठ-अ कशाचा करणार? कॅमेऱ्यानं फोटोला दिलेल्या "डीएससी ०४१७" या नावात शोधण्यासारखं काहीच नाही. वर कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ ला पोचला की पुन्हा १ पासून सुरू होतो, त्यामुळे नऊ वर्षांत तुमच्याकडे ०४१७ नावाचे तीन-चार फोटो नक्की असतील.

शब्द लिहिले तरी सगळे शब्द सारख्या कामाचे नसतात. गावात जाऊन "पाटील कुठं राहतात?" विचारलं तर निम्मं गाव बाहेर येतं. "घिसाडी कुठं राहतो?" विचारलं तर पोरगं थेट दारात नेऊन सोडतं. जो शब्द थोड्याच ठिकाणी येतो तो जास्त वजनदार. कॅरन स्पार्क जोन्स या संशोधक बाईंनी १९७२ मध्ये हे सूत्रात मांडलं आणि आजही शोधयंत्रात ते कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच. तुमच्यापुरता अर्थ असा की फोटोंवर "पक्षी", "निसर्ग", "सुंदर", "सकाळ" असले शिक्के मारू नका. ते सगळे पाटील आहेत.

गूगलची जी करामत गाजली, ती तर तुमच्या हार्ड डिस्कवर चालतच नाही, हेही ध्यानात घ्या. १९९८ मध्ये पेज आणि ब्रिन यांनी कंपनी काढली ती एका कल्पनेवर : एका पानावरून दुसऱ्याकडे जाणारी जोडणी म्हणजे दिलेलं मत. जास्त मतं, त्यातही वजनदार पानांची मतं, मिळालेलं पान वर. तुमच्या खंड्याच्या फोटोवरून शिक्र्याच्या फोटोकडे कुणी जोडणी दिलेली नाही. मतदानच झालेलं नाही, तर निकाल कुठून लागणार? म्हणून जगभरचं सापडतं आणि घरचं सापडत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. घरचं मतदान आपणच करायचं असतं, फोटोला तारे देऊन. मी तीनच पायऱ्या ठेवल्यात : ठेवायचा, चांगला, भिंतीवर लावण्याजोगा. पाच ताऱ्यांच्या भानगडीत पडलो होतो. तीन आणि चार यांतला फरक मलाच दुसऱ्या दिवशी आठवायचा नाही.

आता क्रिकेटचं एक उदाहरण देतो. तुमच्या मंडळालाही उपयोगी पडेल. मराठवाड्यात जन्मलेल्या दोघांनी एकाच कसोटीत पदार्पण केलं, ती कसोटी कोणती? डिसेंबर २००१, मोहाली, इंग्लंडविरुद्ध. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर आणि औरंगाबादमध्ये जन्मलेला इक्बाल सिद्दिकी. टिनू योहाननचंही पदार्पण त्याच सामन्यात. शेवटी जिंकायला ५ धावा हव्या होत्या, तेव्हा जलदगती गोलंदाज असलेल्या सिद्दिकीला सलामीला पाठवलं, आणि आपण १० गडी राखून जिंकलो. त्याची ती एकमेव कसोटी.

हा प्रश्न नुसत्या शब्दांच्या शोधाला जड जातो, कारण त्या सामन्याच्या धावफलकात "बीड" हा शब्द कुठंच नाही. जन्मगाव खेळाडूच्या नोंदीत आहे, पदार्पण सामन्याच्या नोंदीत. दोन वह्या आहेत, आणि त्यांना बांधणारा दोरा म्हणजे खेळाडूची ओळख. हा दोरा पक्का लागतो. नुसतं "निंबाळकर" म्हणून भागत नाही, कारण १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ करणारे भाऊसाहेब एक आणि त्यांचे बंधू रावसाहेब दुसरे. दोघेही प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलेले.

तुमच्या फोटोंनाही अशाच दोन-तीन वह्या हव्यात. एकीत फोटो, दुसरीत पक्षी, तिसरीत ठिकाणं. फोटोच्या नोंदीत पक्ष्याचा फक्त दोरा असतो. त्याची सगळी नावं पक्ष्यांच्या वहीत एकदाच लिहायची. हे एवढ्यासाठी सांगतो की नावांचा गोंधळ आपल्याकडे फार. ज्याला शहरात भारद्वाज म्हणतात त्याला कुणी कुंभारकावळा म्हणतं, कुणी कुकुडकोंबा. तुम्ही तीन हिवाळ्यांत तीन नावं लिहिली असतील तर एक शोधल्यावर बाकीचे दोन हिवाळे दिसणार नाहीत. दोरा म्हणून मी शास्त्रीय नाव वापरतो, सेंट्रोपस सायनेन्सिस. पण तेही दगडावरची रेघ नाही. थापट्या बदकाला जुन्या पुस्तकांत ॲनस क्लिपिएटा म्हटलंय, आता तो स्पॅट्युला क्लिपिएटा झालाय. म्हणून जुनं शास्त्रीय नावही पक्ष्याच्या वहीत पर्यायी नाव म्हणून राहू द्या, खोडू नका.

ठिकाणांचं तर विचारूच नका. माझ्याच जुन्या नोंदींत एकाच पाण्याला नाथसागर, जायकवाडी आणि पैठण अशी तीन नावं आहेत. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. क्रिकेटमध्येही तेच : कुंबळेनं १९९९ मध्ये ७४ धावांत १० बळी घेतले ते फिरोजशहा कोटलावर, आणि २०१९ पासून तेच मैदान अरुण जेटली स्टेडियम आहे. आकडेवाल्यांनी काय केलं? मैदानाला एक कायमची ओळख दिली आणि नावं तिच्याखाली टांगली. आपणही तेच करायचं. त्यात गावाच्या नावावर थांबू नका. "पैठण" एवढं लिहिलं तर नाथसागर केवढा आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुठल्या गावाकडचा काठ, गाळपेराच्या शेतात की उघड्या पाण्यात, हे लिहा.

आता जिथं मी स्वतः सर्वांत जास्त फसलो ते : मराठी अक्षरं. "पांढऱ्या छातीचा खंड्या" हे नाव घ्या. यातलं "ऱ्य" दोन प्रकारे टाइप होतं. काही कळफलक त्यासाठी वेगळा ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त लावून पुढं न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. "ॲ"चीही तीच कथा. एक सबंध अक्षर म्हणून येतो, नाहीतर अ वर चंद्र चढवून. मी फोनवर लिहिलेल्या नोंदी आणि संगणकावर लिहिलेल्या नोंदी एकमेकींना ओळखच देईनात, तेव्हा दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. त्याआधीच्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या असतील तर त्या आधी रूपांतरित करून घ्या. त्यांत आत भलतीच अक्षरं असतात, फक्त वरून मराठी दिसतात.

वर आपली विभक्ती. बगळा, बगळे, बगळ्यांचा, बगळ्याला. इंग्रजी शब्दांचे शेपूट छाटणारे नियम १९८० पासून तयार आहेत. मराठीत शेपटाबरोबर अंगही बदलतं, म्हणून ते काम अवघड जातं. यावर घरगुती उपाय सोपा आहे. खूण, म्हणजे फोटोला चिकटवलेला शोधशब्द, लिहिताना कायम मूळ रूप, एकवचन. "बगळा". वाक्य लिहायचं तर ते खाली वर्णनात लिहा, खुणांत नको. आणि नाव दरवेळी टाइप न करता यादीतून निवडा, म्हणजे ऱ्य चा प्रश्नच उरत नाही.

एआयबद्दल. मी त्याच्या विरोधात नाही, रोज वापरतो. आजच्या पद्धतीत चित्राचं आणि वाक्याचं दोघांचंही आकड्यांच्या लांब ओळीत रूपांतर करतात आणि ज्यांच्या ओळी जवळ पडतात ते समोर आणतात. म्हणून खूण नसलेल्या फोटोंतूनही "मावळतीला पाण्यावरून उडणारा थवा" सापडतो. हे खरंच कौतुकाचं आहे. तुमच्या ३८ हजारांची पहिली चाळणी त्याच्याकडून करून घ्या. रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, शेकाट्या असे ठळक पक्षी ते चांगले वेगळे काढेल. पण माळावरची मादी भोवत्या (हा शिकारी पक्षी) समोर ठेवा. मोंटेग्यूची की पांढुरक्या भोवत्याची, यावर जाणत्या माणसांचीही वादावादी होते, आणि यंत्र मात्र ठामपणे एक नाव सांगून मोकळं होतं. त्याचं उत्तर "सुचवलेलं" अशा वेगळ्या खुणेत ठेवा, तुम्ही पाहून पक्कं केलं की मगच खऱ्या खुणेत हलवा. आणि कुठं, कधी, किती होते, काय करत होते, हे ते चित्रात बघून सांगू शकत नाही. ते तुम्हालाच ठाऊक असतं, आणि तेही संध्याकाळपर्यंतच.

माझी गोष्ट सांगतो. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसवर्गीय पक्षी, हिमालय ओलांडून येतात हे तुम्हाला माहीत आहेच. मंगोलियात त्यांतल्या काहींच्या मानेत अक्षरं लिहिलेली पट्टी घालतात, म्हणजे कुठला पक्षी कुठं गेला ते कळतं. नाथसागरावर एकदा थव्यात तशी एक पट्टी दिसली. फोटो काढले, अक्षरं मागच्या पडद्यावर मोठी करून वाचली, आनंद झाला, हुरडा खाल्ला, घरी आलो. दोन वर्षांनी एका अभ्यासकानं विचारलं, पट्टीवर काय होतं? मला एवढं आठवलं की थंडी होती. कॅमेऱ्याची बॅटरी मध्ये पूर्ण उतरल्यामुळं घड्याळ मागं गेलेलं, म्हणजे फोटोंवर तारीखही भलतीच. तो फोटो अजून माझ्याकडेच आहे, कुठल्या तरी डिस्कवर, हजारो कादंबांत एक कादंब होऊन.

तेव्हापासून काठावरची माझी रीत ठरलीय. कॅमेरा काढला की पहिला फोटो फोनच्या घड्याळाचा. कॅमेऱ्याचं घड्याळ किती चुकलंय ते त्यावरून कळतं आणि सगळ्या फोटोंची वेळ नंतर एका फटक्यात सरकवता येते. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन ते काम करतं. मग डायरीत चार ओळी : तारीख, जागा, पक्षी, संख्या, काय चाललं होतं. आणि त्या डायरीच्या पानाचाच फोटो काढायचा. तो त्याच फोटोंच्या रांगेत बसतो, त्यामुळे डायरी हरवली तरी नोंद फोटोंना चिकटलेली राहते. घाईत असलो तर फोनवर बोलून ठेवतो. मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता त्या काळात, १९३१-३२ मध्ये, सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. ती आजही वापरता येते ती अशा नोंदींमुळेच.

सॉफ्टवेअरचं सांगायचं तर ते तुमच्यावर अवलंबून आहे. स्वतःच्या आनंदासाठी आणि एकाच संगणकावर असेल तर फोटो लावून ठेवणारं डिजिकॅम पुरतं. फुकट आहे, खुणांची उतरंड करता येते, तारे देता येतात. वह्यांची जोडणी करून "कुठल्या वर्षी रोहित सर्वांत आधी आले?" असले प्रश्न विचारायचे असतील तर शेजारी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचा एक तक्ता ठेवा. प्रश्नमंजूषेसाठी एक्सेल हाताळता म्हणजे ते शिकायला तुम्हाला आठवडा लागेल. पण घ्याल ते घ्या, एक गोष्ट आधी तपासा : खुणा फोटोच्या फाइलमध्येच लिहिल्या जातात का, किंवा रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेला) फोटो असेल तर त्याच्या शेजारच्या जोडफाइलमध्ये? मी एक विकतचं सॉफ्टवेअर पाच वर्षं वापरलं. ते सगळ्या खुणा स्वतःच्या पोटात ठेवायचं. संगणक बसला, फोटो वाचले, पाच वर्षांच्या खुणा गेल्या. चूक माझीही होती, त्या पोटाची प्रत मी काढलेली नव्हती.

जुन्या ढिगाला एकदम हात घालू नका, नाहीतर महिन्याभरात नाद सोडाल. आधी येत्या हिवाळ्यापासून नीट लिहा. जुन्यात दिवसागणिक जा : एका दिवसाच्या सगळ्या फोटोंना जागेची खूण एकाच वेळी लावता येते. मग सलग काढलेल्या प्रत्येक झोतातले दोन-तीन ठेवा, बाकीचे उडवा. उडत्या तलवार बदकाचे सलग चाळीस फोटो ठेवलेत तर सापडलेला ढीगही ढीगच राहतो. पक्ष्याचं नाव फक्त उरलेल्यांना. माझे २२ हजार होते, दोन पावसाळ्यांत ६ हजारांवर आले आणि ते सगळे आता सापडतात. तुमच्या ३८ हजारांना किती लागेल हे तुमचा हात उडवताना किती कचरतो त्यावर आहे.

येलदरीला पट्टीवाला कादंब दिसला तर अक्षरं, ती वरून खाली की खालून वर वाचली ते, आणि पट्टीचा रंग तिथंच लिहा. आणि मोहालीचा प्रश्न यंदा मंडळात घेणार असाल तर आधी सिद्दिकी विचारा. बांगरचं नाव आधी काढलं की कुणीतरी बीडवाला उभा राहतो आणि प्रश्न तिथंच फुटतो.